थरांचा घेर कोणाला शोभतो

कमरेखाली दोन, तीन किंवा चार चुणीदार पट्ट्या एकीखाली एक जोडून शिवलेला घागरा किंवा झगा अंगाला शोभतो की नाही, हा प्रश्न आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बायकांच्या बोलण्यात अलीकडे फार येतो. दुकानदार त्याला लेयर ड्रेस म्हणतात, शिवणाऱ्या बायका फ्रिलचा घेर म्हणतात आणि कॉलेजच्या मुली टियर्ड स्कर्ट म्हणतात. मी त्याला थरांचा घेर म्हणेन. प्रश्न कपड्याविषयी असला तरी त्याचे उत्तर बहुतेक वेळा बाईकडे बघून दिले जाते. उंच आणि सडपातळ असेल तर शोभेल, ठेंगणी असेल तर आणखी बुटकी दिसेल, भरल्या अंगाची असेल तर आडवी दिसेल, चाळिशी उलटली असेल तर पोरकट दिसेल, असे निकाल ठरून गेलेले आहेत आणि ते आईकडून लेकीकडे, जावेकडून जावेकडे विनातक्रार पोचतात. घरापुरते शिवणकाम करणारी आणि कापड हातात घेऊन विचार करणारी बाई म्हणून मला हे निकाल मान्य नाहीत. थरांचा घेर बहुतेक बायकांना शोभतो, पण त्याचे सांधे ज्या त्या अंगाच्या मापाने पडले पाहिजेत आणि तो शोभतो की नाही हे चालत्या बाईकडे बघून ठरवले पाहिजे. आपण नेमके उलटे करतो. दुसऱ्याच कोणाच्या मापाचे सांधे अंगावर चढवतो आणि आरशासमोर निश्चल उभे राहून स्वतःला नापास करतो.

गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात सणाच्या आधी गेले की हे चित्र दिसते. कपडे घालून बघण्याची जागा इतकी अरुंद असते की तिथे दोन पावलेही टाकता येत नाहीत, दिवा डोक्यावर असतो, आणि पडद्याबाहेर सोबत आलेली बहीण किंवा नणंद उभी असते. मुलगी पडदा सरकवते, आतली आतच थोडी वळते आणि बाहेरून निकाल येतो, “नको ग, आडवी दिसतीस बघ त्यात.” माझ्या वयाच्या बायका तर तेवढेही करत नाहीत, हँगरवरचा झगा बोटांनी चाचपून, “हे आपल्याला नाही होत,” असे म्हणून पुढे सरकतात. आडवी दिसणे या एका भीतीवर हा सगळा व्यवहार उभा असल्यामुळे आधी तिच्याकडेच बघितले पाहिजे.

आडव्या रेषेने माणूस रुंद दिसतो आणि उभ्या रेषेने उंच, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की त्याची कोणी तपासणी करत नाही. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी मात्र दृष्टीविषयीच्या आपल्या ग्रंथात याच्या उलट निरीक्षण नोंदवलेले आहे. सारख्याच आकाराचे दोन चौकोन घेऊन एक आडव्या रेषांनी आणि दुसरा उभ्या रेषांनी भरला, तर आडव्या रेषांचा चौकोन डोळ्यांना अधिक उंच आणि अरुंद भासतो. त्यांनी तिथेच स्त्रियांच्या आडव्या पट्ट्यांच्या पोशाखाचा दाखला देऊन त्याने अंगकाठी उंच दिसते असेही म्हटले आहे. सपाट चौकोन वेगळा आणि गोलाई असलेले माणसाचे अंग वेगळे, हे मला मान्य आहे. केवळ या निरीक्षणाच्या जोरावर कोणी थरांचा घेर विकत घ्यावा असे मी म्हणणार नाही. पण निदान एवढे तरी कळते की दोष आडव्या रेषेच्या माथी मारून आपण मोकळे होतो आणि खरा दोषी निसटून जातो. रुंदी येते ती सांध्यावर गोळा झालेल्या कापडामुळे, म्हणजे चुण्यांच्या जाडीमुळे आणि त्या जाडीला जागा चुकीची मिळाल्यामुळे.

चुण्यांचे गणित साधे आहे. वरच्या पट्टीच्या लांबीच्या दीडपट किंवा दुप्पट लांबीची पट्टी घ्यायची, तिच्या कडेने धावदोरा घालून तो ओढायचा आणि तिला वरच्या पट्टीइतकी आखूड करून जोडायची. पण हे गुणोत्तर प्रत्येक थराला पुन्हा लागू होते, त्यामुळे दीडपट आणि दुप्पट यांत सुरुवातीला किरकोळ वाटणारा फरक खाली पोचेपर्यंत प्रचंड होतो. कंबर ३२ इंच धरली तर दीडपटीच्या हिशेबाने पहिला थर ४८, दुसरा ७२ आणि तिसरा १०८ इंचांचा होतो. दुपटीने तेच आकडे ६४, १२८ आणि २५६ होतात, म्हणजे शेवटचा घेर सात वारांहून अधिक. कापडाच्या भाषेत बोलायचे तर ४४ इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडातून दीडपटीचा घागरा साधारण सव्वादोन मीटरमध्ये बसतो आणि दुपटीच्या घागऱ्याला साडेतीन मीटरच्या वर कापड लागते. हे सगळे कापड कुठेतरी लटकणार असते. तिसऱ्या थराचे ओझे दुसऱ्याच्या सांध्यावर, दोन्हींचे पहिल्याच्या सांध्यावर आणि शेवटी सगळ्यांचे नेफ्यावर येते. फोटोत भरघोस दिसावे म्हणून दुपटीच्या हिशेबाने शिवलेला घागरा पाच फूट उंचीच्या बाईच्या अंगावर आला की ती त्यात बुडून जाते, आणि मग ठपका तिच्या उंचीवर येतो.

त्याहून मोठी गोष्ट सांध्याच्या जागेची. पहिला सांधा जिथे पडतो तिथे डोळा थांबतो, आणि चुण्या तिथूनच उमलू लागत असल्यामुळे अंगाची रुंदी कुठून सुरू होते हेही तोच सांधा सांगतो. बहुतेक बायकांच्या नितंबांचा सर्वांत भरलेला भाग कमरेपासून सात ते नऊ इंच खाली असतो. सांधा नेमका त्या रेषेवर आला तर आधीच रुंद असलेल्या जागेवर चुण्यांचा जाड गोट बसतो. कितीही सडपातळ मुलगी असली तरी तिथे ती रुंदच दिसणार. तोच सांधा दोन इंच खाली सरकवला की वरचा भाग अंगाबरोबर उतरतो, भरलेली जागा सहज ओलांडतो आणि चुण्या मोकळ्या जागेत सुरू होतात. किंवा तो चांगला वर, छातीच्या खाली घेतला की कापड पोटावरून आणि नितंबांवरून न अडता खाली येते. दोन्ही मार्ग चांगले आहेत. तयार कपडे शिवणाऱ्या कारखान्याला मात्र ही जागा माहीत असण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तो एका ठरलेल्या उंचीसाठी शिवतो, आणि ती उंची आमच्या भागातल्या पुष्कळ बायकांच्या उंचीपेक्षा जास्त असते. लांबी बघितली तर झगा जमिनीला टेकतो. वास्तविक त्याचा प्रत्येक सांधा खाली घसरलेला असतो, फक्त नजर जाते ती शेवटच्या काठावर.

थर सारख्या उंचीचे ठेवायचे की वाढत्या, याबाबत मला शंका नाही. छत्तीस इंचांच्या घागऱ्याचे बारा-बारा इंचांचे तीन समान तुकडे केले तर नजर तीन वेळा तेच माप मोजते आणि घागरा खोकी रचल्यासारखा दिसतो. शिवाय दुसरा सांधा २४ इंचांवर, ठेंगण्या बाईच्या पोटरीच्या फुगीर भागाकडे सरकतो. त्याऐवजी १०, १२ आणि १४ असे वाढते थर घेतले की पहिला सांधा नितंबांच्या खाली, दुसरा गुडघ्याच्या आसपास आणि शेवटचा काठ घोट्यापाशी येतो, म्हणजे अंग जिथे अरुंद आहे किंवा वळते आहे तिथेच रेषा पडतात. खालचा थर मोठा असल्यामुळे नजर वरून खाली वेग घेत उतरते. भरल्या अंगाच्या बाईने तर पहिला थर चुण्यांशिवाय, पोटाच्या दोन्ही बाजूंना टक घालून सपाट शिवून घ्यावा आणि त्याखाली दोनच थर ठेवावेत. चुण्यासुद्धा सगळीकडे सारख्या वाटायच्या नसतात. पुढे मधोमध विरळ आणि बाजूंना व मागे दाट, अशा त्या सरकवता येतात. त्यासाठी सांध्याचा दोरा ओढल्यावर बोटांनी पाच मिनिटे काम करावे लागते एवढेच. सांध्याची आतली शिलाई वरच्या बाजूला वळवून तिच्यावर एक टीप मारली की चुण्यांचा गोट दबतो आणि खालचे कापड सरळ पडते. या टिपेने घागऱ्याचे रूप केवढे बदलते हे ज्याने स्वतः शिवून पाहिले आहे त्यालाच खरे वाटेल.

कळीदार घेराची बाजू घेणाऱ्या बायका मला नेहमी भेटतात आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. वर निमुळत्या व खाली रुंद अशा उभ्या कळ्या जोडल्या की कमरेवर कापडाची गर्दी होत नाही आणि तरी खाली घेर मिळतो. पण कळीचा घेर आणि थरांचा घेर यांची चाल वेगळी आहे. कळी पायाबरोबर एकसंध झुलते. थरांत हालचाल वरून खाली टप्प्याटप्प्याने जाते, आधी वरचा थर वळतो, मग मधला, आणि शेवटचा किंचित उशिरा त्यांच्या मागे येतो. मला हा उशीर फार आवडतो. थर शिवण्याचे खरे कारण मी त्यातच शोधते.

जगात थरांचे घेर जिथे जिथे टिकले तिथे ते नाचणाऱ्या, चालणाऱ्या किंवा वळणाऱ्या अंगासाठीच होते असे दिसते. स्पेनमधील सेव्हिल शहरात १८४७ साली गुरांच्या बाजाराच्या रूपाने सुरू झालेल्या एप्रिलच्या जत्रेत बायका जो झालरींचा पोशाख घालतात, तो नितंबांपर्यंत अंगाबरोबर असतो आणि झालरी त्याखालीच सुटतात. तिथल्या भरल्या अंगाच्या प्रौढ बायकाही तो दिमाखात घालतात. क्रीट बेटावर नोसोस येथे आर्थर एव्हान्स यांच्या उत्खननात १९०३ साली सापडलेल्या, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या स्त्रीमूर्तींच्या अंगावरही घट्ट कंबर आणि खाली थरांचा घागरा आहे. आमच्या बाजूला विजापूर, बागलकोटकडील तांड्यांवरच्या लमाणी बायकांचा फेटिया हा घेरदार घागरा थरांनी शिवलेला नसला तरी त्यावरील भरतकामाच्या आडव्या पट्ट्या, आरसे आणि कवड्या यांचा सगळा हिशेब फेर धरून नाचण्याचा आहे. बाजारात डोक्यावर ओझे घेऊन झपाझप जाणारी लमाणी बाई मी लहानपणापासून पाहत आले आहे. तिच्या घागऱ्याच्या आडव्या पट्ट्यांनी ती आडवी दिसते असे मला कधीही वाटले नाही, आणि कोणी तसे म्हटल्याचेही ऐकले नाही.

कापडाबाबत आपला भाग फार भाग्यवान आहे, आणि त्यामुळेच थोडी सावधगिरी हवी. थराला पडणारे कापड हवे, उभे राहणारे नको. मलमल, व्हॉइल, मऊ रेयॉन, धुऊन धुऊन लुसलुशीत झालेले सुती कापड चुण्यांत गोळा होऊनही खाली उतरते. पॉपलिन नवेपणी ताठ राहते. आमच्याकडच्या बायकांना सुती कपड्याला खळ घालायची सवय असल्यामुळे मऊ कापडाचा घागराही धुण्यातून फुगून बाहेर येतो. थरांच्या घेराला खळ घालू नये. इस्त्रीसुद्धा सांध्यावर हलक्या हाताने आणि चुण्यांच्या दिशेने, खालून वर करावी. छापाच्या बाबतीत बारीक बुट्टी सांधे झाकते, मोठे फूल चुण्यांत मोडते. सांध्यावर विरोधी रंगाची लेस किंवा गोट लावण्याची जी हौस अलीकडे आली आहे ती उंच मुलीने जरूर करावी. ज्यांना सांधा दिसायला नको आहे त्यांनी शिवणाऱ्या बाईला हे आधीच सांगावे, कारण न सांगता ती प्रेमाने लेस लावून देते.

गुळेदगुड्डच्या खणाचे आणि इरकलीचे थर हा मात्र स्वतंत्र विचाराचा विषय आहे. दोन्ही बागलकोट जिल्ह्यातले आणि पिढ्यान्‌पिढ्या आमच्या कपाटांतले. खण चोळीसाठी विणला गेला. त्याचा पन्हा लहान, वीण दाट आणि पोत ताठर. चोळीत त्या ताठरपणाचा उपयोग होतो, पण चुण्यांत तो आडवा येतो. तीनही थर खणाचे असलेला घागरा दुकानाच्या बाहुलीवर सुरेख दिसतो आणि अंगावर आल्यावर कमरेभोवती उभा राहतो. इथे आडवे दिसण्याची तक्रार अगदी खरी आहे. खण वरच्या सपाट भागाला वापरावा, म्हणजे नितंबांपर्यंतचा भाग खणाचा आणि खालचे थर त्याच रंगाच्या मऊ सुती कापडाचे. किंवा फक्त शेवटच्या थराच्या काठाला त्याची अरुंद पट्टी द्यावी. तिच्या वजनाने घेर छान ओढला जातो.

इरकलीचे उलट आहे, आणि त्यातही जुनेराचे. शहापूर-वडगावच्या बाजूला, जिथे मागांचा आवाज अजून काही गल्ल्यांतून येतो, तिथे शिवणकाम करणाऱ्या एका मावशींकडे मी माझ्या आत्याची वापरून मऊ झालेली काळपट इरकल घेऊन गेले होते. भाचीसाठी घागरा हवा होता. मावशींनी साडी पसरली, हात फिरवला आणि म्हणाल्या, “नवी आणली असतीस तर मी नको म्हटलं असतं. ह्यात आता जीव आलाय, हे पडतंय बघ कसं.” त्यांनी काठ कापून वेगळे केले नाहीत. साडीला दोन्ही कडांना काठ असतात आणि तिची लांबी साडेपाच मीटरच्या आसपास असते. दोन्ही कडांनी लांबीच्या दिशेने पट्ट्या कापल्या की त्या प्रत्येक पट्टीला विणीतलाच काठ मिळतो. वरच्या दीडपटीच्या हिशेबाने एका कडेच्या पट्टीतून तिसरा थर २.७५ मीटर आणि दुसरा १.८३ मीटर असे दोन्ही निघतात आणि तरी तुकडा शिल्लक राहतो. पट्टी अशी लांबीत कापली की उभा धागा आडवा होतो आणि नव्या कापडात चुण्या त्यामुळे ताठ राहतात. वापराने मऊ झालेल्या साडीत तो दोष उरत नाही, हेच मावशींच्या बोलण्याचे मर्म होते. पहिला थर त्यांनी काठाशिवाय ठेवला. “पोटाजवळ काठ घेतला की तिथंच नजर बसती,” असे त्या म्हणाल्या आणि लाल पदराच्या रेशमाचा नेफा करून दिला. भाची ठेंगणी आहे, अंगानेही भरलेली आहे. तो घागरा घालून ती पायऱ्या उतरून आली तेव्हा दोन काठ एकामागोमाग एक हलत होते, आणि तिच्याच आईने, जिने आधी थर नकोच असा हट्ट धरला होता, पुन्हा एकदा वर जाऊन उतरून ये असे सांगितले.

ज्या बायका थर आपल्याला शोभत नाहीत म्हणून सांगतात, त्यातल्या कितीतरी घरात दिवसभर सुती गाऊन घालून वावरतात. तो गाऊन म्हणजे छातीवर योक, त्याखाली चुण्या आणि पायाशी झालर, अर्थात थरांचाच झगा. त्यात त्या मोकळ्या असतात, कामे भराभर करतात आणि सुंदरही दिसतात. मग थरांच्या झग्याला बाहेर नकार का, तर माझ्या मते त्याचे मोठे कारण हेच साम्य आहे. बाहेर घातला की घरातल्या गाऊनमध्येच बाहेर पडल्यासारखे वाटते, लाज वाटते, आणि ती लाज आपण अंगाच्या आकारावर ढकलतो. गाऊनचा खांदा सैल असतो, बाही सैल, गळा सैल, घेर सैल. सैलपणाला कुठेच आधार नाही. झग्याचा खांदा आणि बगल मापात बसवली, बाही कोपरापर्यंत सडसडीत ठेवली आणि घेराला तेवढे मोकळे सोडले की दोन्हींत गल्लत होणे शक्य नाही. मोकळेपणा एकाच जागी असावा. घागऱ्यावर कुडता आखूड आणि अंगाबरोबर असावा, सैल शर्ट असेल तर आत खोचावा. ओढणी पुढून पसरू नये, एका खांद्यावर घ्यावी, नाहीतर सांध्यांची सगळी मेहनत झाकली जाते. पायात अथणीच्या सपाट चपला मला या घेराखाली सगळ्यांत योग्य वाटतात. घोटा दिसेल इतकी लांबी ठेवली की उंच टाचेची गरज राहत नाही.

लांबीचा विषय आमच्याकडे पावसाशीही बांधलेला आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, घाटाच्या वाऱ्यात, आणि जून ते सप्टेंबर इथली झड थांबत नाही. खानापूरकडे तर तांबडी माती काठाला धरली की सुटता सुटत नाही. शंभर इंचांचा सुती काठ भिजला की तो जड होऊन पायाला चिकटतो, चाल अडते आणि जे शोभत होते ते शोभेनासे होते. पावसाळ्यात पोटरीच्या मध्यापर्यंतचा, दोनच थरांचा, पातळ, लवकर वाळणाऱ्या कापडाचा घागरा घालावा आणि मोठा घेर दसऱ्यानंतर बाहेर काढावा, असा माझा नेम आहे. दुचाकीचा विषय त्याहून गंभीर आहे. आपल्याकडे मोटरसायकलला साडीसाठी जाळी लावतात ती शोभेसाठी नसते. मागे बसताना शेवटचा थर दोन्ही बाजूंनी गोळा करून मांडीखाली दाबल्याशिवाय गाडी सुरू करू देऊ नये, आणि मुलींना हे स्पष्ट सांगावे.

शोभणे म्हणजे बारीक दिसणे, असा अर्थ आपण कधी स्वीकारला ते मला सांगता येणार नाही, पण आजीच्या पिढीतल्या नऊवारी नेसणाऱ्या बायका तसा अर्थ करत नव्हत्या हे मी पाहिले आहे. नऊवार कापड अंगाभोवती घेऊनही त्या काष्ट्यामुळे तरतरीत दिसत, शेतात आणि बाजारात झरझर चालत, आणि “लुगडं चापून नेसलीय” हे त्यांच्यातले कौतुक असे. ते कौतुक नेसण्याच्या कसबाचे होते. अंगाच्या मापाचे नव्हते. थरांच्या घेराला मी तीच कसोटी लावू इच्छिते. त्यात ती बाई सहज चालते का, बसताना तिला कापड सावरावे लागते का, वळली की घेर तिच्याबरोबर वळतो का, आणि तिचा चेहरा आधी दिसतो की कपडा आधी दिसतो. साठीच्या बाईलाही यात मज्जाव नाही. तिने गडद एकरंगी मलमल घ्यावी, दोन थर ठेवावेत, गळा बंद आणि खांदे नीट ठेवावेत. पोरकटपणा थरांत नसतो, तो फुगीर बाह्या, नाडीची फुले आणि चकाकत्या लेसांत असतो. काही जणींना एवढे सगळे करूनही थर आवडणार नाहीत, आणि आवड म्हणून नाही म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. माझा विरोध, न घालताच स्वतःच्या अंगाला दोष देण्याला आहे.

दुकानात घ्यायचाच असेल तर पडद्याबाहेर यावे, दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावे, खुर्चीवर बसून उठावे आणि सोबतच्या बाईला मागून बघायला सांगावे. पहिला सांधा कुठे पडतो ते हाताने चाचपावे. तो भरलेल्या रेषेवर येत असेल तरी झगा लगेच परत करू नये, कारण दुरुस्ती शक्य असते. फक्त ती खालून करायची नाही. लांब झगा आखूड करताना बहुतेक ठिकाणी शेवटच्या थराचा काठ कापून पुन्हा दुमडतात. त्याने वरचे सांधे होते तिथेच राहतात, सर्वांत मोठा असायला हवा तो थर सर्वांत लहान होतो आणि झगा आधीपेक्षा बेढब दिसू लागतो. सांधे उसवून प्रत्येक थरातून थोडे थोडे कापड कमी करायला सांगावे. चार इंच कमी करायचे असतील तर पहिल्या थरातून एक इंच, दुसऱ्यातून एक आणि तिसऱ्यातून दोन, आणि हे सगळे थराच्या वरच्या कडेने, म्हणजे तयार काठाला हात लागत नाही. चुण्या पुन्हा ओढाव्या लागतात, त्यामुळे काम वेळखाऊ आहे आणि त्याची मजुरीही जास्त पडते, ती घासाघीस न करता द्यावी. त्याच वेळी चुण्या पुढून मागे सरकवून घ्याव्यात, सांध्यावर वरून टीप मारून घ्यावी आणि कापून निघालेल्या पट्ट्या जोडून बाजूच्या शिलाईत खिसा लावून घ्यावा.